घरच्या पाट्यापासून सुरुवात: अग्निजन्य खडक ओळखायला शिकताना

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे दगडाला गोटा म्हणतात आणि गोट्यांच्या जाती दोनच: काळा आणि पांढरा. काळा घराच्या पायव्यात घालायला, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रचायला, गिट्टी फोडायला. पांढरा म्हणजे गारगोटी, ती रात्री एकमेकींवर घासून ठिणग्या पाडायला. भूशास्त्र शिकायला मी अमरावतीला गेलो तो एवढ्याच भांडवलावर. भांडवल तसं वाईट नव्हतं. अग्निजन्य खडक म्हणजे तप्त रस निवून झालेले दगड; ते ओळखताना दोनच प्रश्न विचारायचे असतात आणि त्यातला एक रंगाचाच आहे. दुसरा दाण्याचा. दगड कशाचा बनलाय ते रंग सांगतो, आणि किती सावकाश निवलाय ते दाणा सांगतो. पुढे जे काही लिहितोय ते या दोन प्रश्नांभोवतीच फिरणार आहे.

सुट्टीत गावी गेलो की कोणी ना कोणी पोरगं पिशवीभर दगड ओट्यावर ओततं. "दादा, हे कोनते गोटे होय?" दर वेळी तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

आधी पिशवीत काय असावं

गवंड्याचा एक किलोचा हातोडा पुरतो. खिळे ठोकायचा सुतारी हातोडा नको, दगडावर त्याची कड उडते. डोळ्यांवर साधा पारदर्शक गॉगल हवाच. काळ्या दगडाची चीप ब्लेडसारखी धारदार असते, माझ्या भुवईवर त्याची खूण अजून आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक जाड खिळा, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक, दोऱ्याचं बंडल, एक लिंबू, वही, पेन, जुनी वर्तमानपत्रं. झालं.

भिंग वापरण्यात नव्वद टक्के नवखे चुकतात. ते दगडाजवळ धरून लांबून बघायचं नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि दगड हळूहळू जवळ आणायचा, दाणे स्पष्ट होईपर्यंत. उजेड पाठीमागून दगडावर पडला पाहिजे.

हिंडायचे दिवस दिवाळी ते शिवरात्र. सोयाबीन निघालेलं असतं, पांदण वाळलेली असते. वैशाखात आपल्याकडे काळा दगड हातात धरवत नाही आणि पावसाळ्यात पाय गुडघाभर रुततो. दगड उचलण्याआधी बुटाने एकदा उलटवा. खाली विंचू असतो, हे गावच्या माणसाला सांगायची गरज नाही, पण शहरातून आलेल्याला आहे. चालू खदानीत मालकाला विचारल्याशिवाय आणि सुरुंगाची वेळ कळल्याशिवाय पाऊल टाकू नये. ताडोबा, मेळघाट, लोणार ही अभयारण्यं आहेत; तिथे बघा, फोटो काढा, उचलू नका.

दगड फोडा, वरची कातडी बघू नका

रस्त्याकडेला पडलेला काळा दगड बाहेरून काळा नसतोच. तांबूस, करडा, कधी पिवळट. त्यातलं लोखंड पावसापाण्याने गंजतं. एक घाव घालून आतला ताजा भाग उघडा करा, आणि जे काही ठरवायचं ते त्या भागावरून ठरवा. मी पहिल्या वर्षी गंजलेल्या कातडीवरून एकाच दगडाची तीन नावं वहीत लिहिली होती.

फोडणं जिवावर येत असेल तर स्वयंपाकघरात जा. आजीचा पाटा उलटा करा. खालची बाजू झिजलेली नसते, तिथे भिंग लावा. काळपट करडा, घट्ट, दाणे वेगळे दिसतच नाहीत. क्वचित एखादी बारीक चकाकी. हा बेसॉल्ट. पश्चिम विदर्भात बुलडाण्यापासून वर्ध्यापर्यंत पाटा, वरवंटा, जातं, उखळ, देवळाची पायरी, सगळं याचंच. दाणे इतके बारीक आणि एकमेकांत इतके विणलेले असतात की मिरची वाटताना एकही सुटत नाही. चंद्रपूरकडच्या वाळूच्या दगडाचा पाटा केला तर ठेच्यात कचकच आलीच म्हणून समजा. पूर्वी पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणाऱ्या बाया गावात फिरायच्या. त्या छिन्नीच्या आवाजावरून सांगायच्या की दगड आतून बरा आहे की भेगाळलाय. हातोड्याने दगड वाजवून बघायची सवय मला तिथूनच लागली. घट्ट बेसॉल्ट खणखणतो, कुजलेला भदभदतो.

खडीसाखर आणि चिक्की

आता हा दगड घडला कसा. पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाल रस उकळतोय असं चित्र शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. ते काढून टाका. कवचाखालचा प्रावरणाचा थर बहुतेक सगळा घनच आहे. तापलेला आहे, पण वरच्या वजनाने इतका दाबलेला की वितळत नाही. कुकर आठवा. दाब असतो तेव्हा आतलं पाणी 100 अंशांच्या पुढे जाऊनही शांत असतं. शिटी उचलली की एकदम खदखदतं. खडकाचंही तसंच काहीसं आहे. तापलेला खडक वर सरकला, दाब कमी झाला, की उष्णता न वाढवताही थोडा वितळतो. दुसरी रीत पाण्याची: खोल खडकात पाणी शिरलं की त्याचा वितळणबिंदू खाली येतो. तिसरी सरळ उष्णतेची, खालून आलेला तप्त रस वरच्या कवचाला वितळवतो. या रसाला जमिनीखाली शिलारस म्हणायचं, बाहेर आला की लाव्हा.

"थोडा वितळतो" हे शब्द मुद्दाम वापरले. खडक सगळाच्या सगळा वितळत नाही. ज्या खनिजांना कमी उष्णता पुरते ती आधी सुटतात, बाकीची मागे राहतात. म्हणून निघालेला रस मूळ खडकासारखा नसतो. प्रावरणातला पेरिडोटाइट थोडासा वितळून बेसॉल्टचा रस देतो. कवच वितळून ग्रॅनाइटचा रस मिळू शकतो.

मग निवण्याची पाळी. साखरेचा पाक दोरा सोडून आठवडाभर निवांत ठेवला तर खडीसाखर होते, बोटाएवढे स्फटिक. तोच पाक ताटात ओतून पसरला तर चिक्कीवरची काच होते, दाणा म्हणून नाही. शिलारसाचं गणित हेच. जमिनीखाली काही किलोमीटरवर, भोवती खडकांची गोधडी, निवायला हजारो-लाखो वर्षं: दाणे डोळ्यांना दिसण्याएवढे मोठे. जमिनीवर उघड्यावर आला: दाणे बारीक. पाण्यात पडला किंवा फार झटपट थंडावला: काच.

वहीत दाण्याच्या रकान्यात एवढंच लिहा. पाच मिलिमीटरहून मोठा म्हणजे भरड, एक ते पाच मध्यम, एकाहून लहान बारीक. अंदाज घ्यायला तांदळाचा दाणा बरा, तो साधारण सहा मिलिमीटर लांब. बारीक दाण्यांत मध्येच मोठे स्फटिक रुतलेले दिसले तर त्याची वेगळी नोंद करा. तो दगड दोनदा निवलाय: आधी खाली सावकाश, तेव्हा मोठे स्फटिक वाढले, मग वर येऊन भरकन, तेव्हा उरलेला रस बारीक दाण्यात थिजला. असा दगड सापडला की मला फार आनंद होतो, एकाच तुकड्यात दोन प्रकरणं वाचायला मिळतात.

एक अपवाद सांगून ठेवतो. हातभर लांबीचे अभ्रकाचे किंवा फेल्डस्पार या फिक्या खनिजाचे स्फटिक असलेला पेग्माटाइट नावाचा खडक असतो. तो सगळ्यांत जास्त सावकाश निवला असं म्हणायचा मोह होतो. तिथे मुख्य कारण पाणी असतं. रसात पाणी भरपूर असेल तर अणूंची ये-जा सोपी होते आणि स्फटिक झपाट्याने वाढतात.

रंग म्हणजे सिलिकाचा हिशेब

आता रंगाचा प्रश्न. दगड काळा का आणि पांढरट-गुलाबी का? खडकाच्या रसात सर्वांत जास्त असते ती सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. ती किती टक्के, यावर वर्गवारी उभी आहे. 45 टक्क्यांहून कमी असली तर पेरिडोटाइटसारखे फार गडद, हिरवट खडक. 45 ते 52 मध्ये बेसॉल्ट. 52 ते 63 मध्ये मधल्या रंगाचे, आणि त्याच्या वर ग्रॅनाइटची मंडळी, ज्यात सिलिका सत्तरीच्या पुढेही जाते. शेवटची रेघ काही पुस्तकांत 65 किंवा 66 वर मारलेली असते. त्यावर वाद घालत बसू नका.

सिलिका कमी तिथे लोखंड आणि मॅग्नेशियम जास्त, आणि त्यांची खनिजं काळी-हिरवी: ऑलिव्हिन, पायरॉक्सिन, हॉर्नब्लेंड. सिलिका जास्त तिथे फिकी खनिजं: क्वार्ट्झ (आपली गारगोटी), गुलाबी किंवा दुधी फेल्डस्पार, पांढरं अभ्रक. रस निवताना ही सगळी एकदम जमत नाहीत. 1920 च्या दशकात नॉर्मन बोवेन यांनी प्रयोगशाळेत खनिजं वितळवून-निववून त्यांचा क्रम मांडला: ऑलिव्हिन आधी, मग पायरॉक्सिन, हॉर्नब्लेंड, काळं अभ्रक, आणि क्वार्ट्झ पंगतीच्या शेवटी. यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. ऑलिव्हिन आणि क्वार्ट्झ सहसा एका दगडात शेजारी बसत नाहीत. नवख्याने "ऑलिव्हिन आणि क्वार्ट्झ दोन्ही दिसले" असं लिहिलं की दोनातलं एक चुकलंय असं मी समजतो.

सिलिकेवर रसाचा स्वभावही ठरतो. बेसॉल्टचा लाव्हा 1100 ते 1200 अंश सेल्सिअसला बाहेर पडतो आणि वरणासारखा पसरतो. सिलिका जास्त असलेला लाव्हा पिठल्यासारखा, जिथे वाढाल तिथे ढीग होऊन बसणारा. त्यात वायू अडकतात आणि मग स्फोट होतात. आपल्याकडे वरण होतं, आणि तेही कोणत्या एका शंकूच्या तोंडातून वाहिलं नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पूर आल्यासारखा लाव्हा आला, थरावर थर. आज उरलंय तेच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. याला दख्खन ट्रॅप म्हणतात. स्वीडिश भाषेत ट्रॅपा म्हणजे पायरी. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना खिडकीतून समोरच्या डोंगराकडे बघा, पायऱ्या मोजता येतात.

दगड तोलायचा

रंगाने फसवणूक होते, म्हणून वजन घ्या. सामान तोलायचा साधा लटकवता येणारा काटा घ्या. मुठीपेक्षा मोठा, भोकं नसलेला दगड दोऱ्याने बांधून कोरडा तोला. मग तसाच लटकवून बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, पुन्हा वाचा. कोरडं वजन भागिले दोन वजनांतला फरक, एवढंच. समजा दगड कोरडा 870 ग्रॅम भरला आणि पाण्यात 575, फरक 295, भागाकार 2.95. बेसॉल्ट साधारण 2.8 ते 3.0 च्या घरात येतो, ग्रॅनाइट 2.6 ते 2.7. काटा जितका बारीक वाचता येईल तितकं बरं. शाळेत हा प्रयोग आर्किमिडीजच्या नावाने शिकवतात आणि मग मुलं तो विसरतात. एकदा आपल्या धुऱ्यावरच्या गोट्याचं उत्तर काढलं की विसरत नाहीत.

लोहचुंबक दोऱ्याला टांगून दगडाजवळ न्या. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोखंडाच्या खनिजाचे बारीक कण असतात, चुंबक हलकेच ओढला जातो. ग्रॅनाइटजवळ बहुधा ढिम्म.

विहीर वाचायला शिका

माझ्या मते विदर्भात अग्निजन्य खडक शिकायची सगळ्यांत चांगली जागा नवी विहीर. पुस्तकापेक्षा चांगली, घाटापेक्षाही. आमच्या मामाच्या वावरात विहीर खोदली तेव्हा मी रोज काठावर बसून वही भरत होतो. खोदणारे हसायचे. "काय लिवून रायला बापा, पानी लागलं का ते सांग."

वरून काळी माती, ही खालच्याच बेसॉल्टची पोर. तिच्याखाली मुरूम. मुरमात गोल गोटे रुतलेले, त्यांची सालं कांद्यासारखी सुटतात. पाणी भेगांतून शिरून कोपरे आधी कुजवतं, म्हणून चौकोनी ठोकळा गोल होत जातो. नवखा माणूस हे नदीतले गोटे समजतो. साल निघते का ते बघा, नदीच्या गोट्याची निघत नाही.

त्याखाली भोकाभोकांचा दगड लागला. लाव्हा निवत असताना वायूचे बुडबुडे वर चढतात आणि वरच्या भागात अडकतात, म्हणून प्रत्येक लाव्हाथराचा माथा असा पोळ्यासारखा असतो. कित्येक भोकं नंतर भरलेली. कुठे पांढरी गारगोटी, कुठे मोत्यासारखे चमकणारे झिओलाइट नावाच्या खनिजांचे झुपके, कुठे हिरवट माती. अशा भोकभऱ्या दगडाला काही भागांत मांजऱ्या म्हणतात. मग काळा कडक, ज्यावर पहार नाचते आणि बोटांना झिणझिण्या येतात. हा त्याच थराचा पोटाचा भाग, सावकाश निवलेला, बुडबुडे नसलेला. तो संपला आणि हातभर लाल मातीचा पट्टा आला. खोदणारा म्हणाला, "गेरू लागला." तो पट्टा म्हणजे दोन लाव्हांमधली सवड. खालचा थर निवला, उघडा पडला, त्याच्या माथ्याची माती होऊ लागली, आणि मग वरचा थर येऊन त्यावर बसला. लाल पट्ट्याखाली पुन्हा भोकांचा दगड, म्हणजे पुढच्या थराचा माथा.

पाणी लागलं ते तिथेच, त्या खालच्या भोकाळ, भेगाळ माथ्यात. कडक काळ्यात भेगा नसतील तर तो कोरडाच. म्हणून विहिरीत "काळा लागला" म्हटलं की घरच्यांचे चेहरे पडतात.

गारगोटीबद्दल एक गैरसमज काढून टाकतो, कारण मीही त्यात पडलो होतो. बेसॉल्टच्या भोकात गारगोटी आहे म्हणून "या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ आहे" असं लिहायचं नाही. ती लाव्हाबरोबर आलेली नाही. लाव्हा निवल्यावर भोकांतून खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि त्याने ती नंतर भरली. वावरात नांगराला लागणाऱ्या अकीकाच्या पट्टेदार गाठी अशाच. भोवतीचा दगड कुजून माती झाला, गाठ कठीण म्हणून उरली. भोकातल्या पांढऱ्यावर खिळा ओढा: ओरखडा पडला आणि लिंबाच्या रसाने बारीक फेस आला तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज; खिळाच झिजला तर क्वार्ट्झ.

खदानीत किंवा रस्त्याच्या कटाईत उभे खांब दिसले, पाच-सहा कोनांचे, एकमेकांना खेटून, तर ते कोणत्या बुडालेल्या देवळाचे नव्हेत. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पारडीला असे खांब आहेत; मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्याच जातीची. जाड थर निवताना आकसतो आणि तडकतो. चैत्रात आपल्या काळ्या वावराला ज्या बहुकोनी भेगा पडतात त्याच तऱ्हेने, फरक एवढाच की इथे भेगा थरात खोलवर उतरत जातात.

एसटीने पूर्वेला

आठवडाभर काळ्यात हिंडून झालं की नागपूर ओलांडून भंडारा-गोंदियाकडे जा. सीताबर्डीची टेकडी अजून काळ्याची आहे, पण शहराच्या पूर्वेला ट्रॅप संपतो आणि त्याच्याखालची फार जुनी जमीन वर येते. खिडकीतूनच कळतं. कापूस-तूर मागे पडते, धानाच्या बांध्या सुरू होतात, माती पिवळट-तांबूस, जागोजागी मालगुजारी तलाव.

इथे ग्रॅनाइट हातात घ्या. भिंगाची गरज नाही. गुलाबी किंवा दुधी, चपट्या चकाकत्या बाजूंचं ते फेल्डस्पार. काचेच्या तुकड्यासारखं, करडं, तुपकट चमक असलेलं, चपटी बाजू नसलेलं ते क्वार्ट्झ. काळे पापुद्रे नखाने सुटले तर अभ्रक, न सुटता सुईसारखे असले तर बहुधा हॉर्नब्लेंड. तिन्ही मोजा: एक रुपयाचं नाणं दगडावर ठेवून गिरवा, त्या गोलात काळं किती, काचेसारखं किती, याचा अंदाज लिहा. पाच ठिकाणी करून सरासरी काढा.

दाण्यांचे पट्टे पडलेले दिसले, काळा-पांढरा-काळा-पांढरा, तर थांबा. तो ग्रॅनाइट नसून नाइस आहे, दाबाने आणि उष्णतेने रूप बदललेला. आमगावच्या आसपास त्याचंच राज्य आहे. नवख्यांच्या पिशवीतले निम्मे "ग्रॅनाइट" नाइस निघतात.

जमलं तर सालेकसा-दरेकसा भागात जा. तिथला रायोलाइट 200 कोटी वर्षांहून जुना. तोही ज्वालामुखीचाच दगड, दाणाही बारीक, पण रंग काळा नव्हे, बऱ्याचदा तांबूस, आणि त्यात फेल्डस्पार-क्वार्ट्झचे ठिपके. पश्चिम विदर्भात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात "लाव्हा म्हणजे काळा" हे इतकं पक्कं असतं की हा दगड बघून मी पहिल्यांदा वीट समजलो होतो.

नाव लावणं

आता दोन्ही रकाने जोडा. फिका आणि भरड तो ग्रॅनाइट, फिका आणि बारीक तो रायोलाइट. मधल्या रंगाचा भरड डायोराइट, बारीक अँडेसाइट. काळा भरड गॅब्रो, काळा बारीक बेसॉल्ट, आणि काळा पण मध्यम दाण्याचा डोलेराइट. प्रत्येक जोडीची रासायनिक जात साधारण एकच, निवण्याची जागा वेगळी. डोलेराइट ट्रॅपमध्ये भिंतीसारखा उभा घुसलेला सापडतो. आजूबाजूचा दगड झिजतो आणि ही भिंत वावरातून सरळ रेघेत जाते, लोक तिला जुना बांध समजतात.

याहून बारीक वर्गवारी आहे. भरड खडकांसाठी क्वार्ट्झ आणि दोन फेल्डस्पार यांच्या टक्केवारीचा त्रिकोण वापरतात. त्यात ग्रॅनाइट म्हणवून घ्यायला फिक्या खनिजांत 20 ते 60 टक्के क्वार्ट्झ लागतं. बारीक खडकांसाठी सिलिका आणि अल्कली (सोडियम-पोटॅशियम) यांचा आलेख. पण पहिल्यासाठी 0.03 मिलिमीटर जाडीचा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो आणि दुसऱ्यासाठी रासायनिक तपासणी. सुरुवातीला वहीत "बेसॉल्टसारखा" लिहिणं जास्त प्रामाणिक. आपल्या गावाखाली काय आहे ते ताडून बघायला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर नकाशे बघता येतात. पण आधी दगड, मग नकाशा. उलट केलं की डोळे नकाशातलंच बघतात.

सोंग घेतलेले दगड

सर्वांत मोठं सोंग तुमच्या घरात आहे. काळ्या चकचकीत "ग्रॅनाइटचा" ओटा बहुधा ग्रॅनाइट नसतो. फरशीवाल्यांच्या भाषेत पॉलिश घेणारा प्रत्येक कठीण दगड ग्रॅनाइट. काळा असेल तर तो सहसा गॅब्रो किंवा डोलेराइट. कडप्पा आणि शहाबादी तर अग्निजन्यच नव्हेत, ते चुन्याचे गाळाचे खडक. ओट्याखालच्या कडप्प्याच्या न घासलेल्या कडेवर खिळा ओढा, पांढरी रेघ उठेल. बेसॉल्टवर अशी सहज उठत नाही.

लोणारला गाइड अजूनही "ज्वालामुखीचं तोंड" सांगताना ऐकले. तिथला दगड ज्वालामुखीचा आहे, खड्डा नाही. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं ते विवर तयार बेसॉल्टवर अशनी आदळून झालं. दगडाचं वय आणि खड्ड्याचं वय यांत कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे.

आणि माझी फजिती. पहिल्या वर्षी मी भोकाभोकांचा, काळा, काचेसारखा चमकणारा तुकडा मोठ्या अभिमानाने वर्गात नेला. ज्वालामुखीची काच, मी म्हणालो. सरांनी तो फिरवून मागची बाजू दाखवली. तिथे विटेची सरळ कड होती. गावाबाहेरच्या भट्टीत जास्त जळून वितळलेली वीट. मात्र सर हसले नाहीत. म्हणाले, निरीक्षण बरोबर आहे, वितळलं आणि झटकन निवलंच आहे, फक्त लाव्हा माणसाने केलाय. तेव्हापासून दगडाची सगळ्या बाजूंनी पाहणी होईपर्यंत मी तोंड उघडत नाही. रस्त्याकडेची गिट्टी आणि रुळाखालची खडीही याच कारणाने नमुन्यात घेऊ नये. ती ट्रकने कुठून आली ते दगड सांगत नाही.

डबा

घरी आल्यावर नमुना धुऊन वाळवा. एका कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्या, त्यावर काळ्या पेनाने आकडा. वहीत त्या आकड्यासमोर गाव, वावर किंवा नाला, किती खोलीवर, तारीख, दाणा, रंग, वजनाचा भागाकार, चुंबक, खिळा, आणि सगळ्यात शेवटी नाव. नावासमोर जागा सोडा, दोन वर्षांनी ते खोडावं लागतं. मग वर्तमानपत्रात गुंडाळून फळांच्या खोक्यात. नमुना मुठीएवढाच आणा, आणि खोक्यावर "टाकू नये" असं ठळक लिहा. माझा सात नंबरचा डोलेराइट आईने दार अडवायला लावलाय, आणि आता ती तो परत देत नाही.